तीन बटणं, दोन मोटरी

फरशीवरचं पाणी ओढणारं व्हॅक्यूम मशीन टेम्पोतून उतरवलं तेव्हा मी टाकी बघितली, चाकं बघितली, पाइपाची लांबी पावलांनी मोजली. प्लगकडे बघितलं नाही. पेटीवर ठळक अक्षरात ३,००० वॉट, आणि वायरच्या टोकाला बारीक पिनांचा सहा अँपिअरचा प्लग. टेबल फॅनला असतो तसला. २३० व्होल्ट गुणिले ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॉट. ३,००० वॉटला तेरा अँपिअर लागतात, म्हणजे गिझर-एसीला असतो तसा जाड पिनांचा प्लग हवा. हा हिशोब आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही करेल. मी केला तो पैसे गेल्यावर.

माझी पुण्यात छोटी हाउसकीपिंग एजन्सी आहे, चौदा माणसं. त्याआधी अकरा वर्षं दुसऱ्याकडे सुपरवायझर होतो. झाडलोट, काचा, टॉयलेट, कार्पेट शॅम्पू ही कामं हातात बसलेली. व्हिनाइल फ्लोअरचं स्ट्रिपिंग मात्र स्वतःच्या जबाबदारीवर कधी घेतलं नव्हतं. चिंचवडच्या एका तपासणी केंद्राचं काम चालून आलं. साडेपाच हजार चौरस फूट, शनिवारी रात्री नऊला जागा ताब्यात, सोमवारी पहाटे सहाला परत. रक्त द्यायला उपाशीपोटी येणारे लोक साडेसहाला दारात असतात, त्यामुळे सहा म्हणजे सहाच.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिनाइलवर पॉलिशचे थर चढत जातात, पिवळे पडतात. त्यावर स्ट्रिपर ओतायचा. हे चांगलंच तीव्र अल्कली असतं, हातमोजे आणि गमबूट लागतातच. दहाएक मिनिटं मुरू द्यायचं, पण वाळू द्यायचं नाही. मग सिंगल डिस्कला, म्हणजे फरशी घासायच्या गोल मशीनला, काळा पॅड लावून घासायचं. जुनं पॉलिश सुटून राखाडी, चिकट रबडी तयार होते. ती लगेच उचलायची, दोनदा साध्या पाण्याने धुवायचं, तेही उचलायचं, आणि फरशी पूर्ण कोरडी झाल्यावर नवे कोट. रबडी मागे राहिली की नवं पॉलिश धरत नाही, पांढरं पडतं, भुकटी होऊन निघतं. म्हणजे सगळा खेळ उचलण्यावर. रोजच्या पाण्यासाठी घेतलेलं माझं जुनं एका मोटरचं व्हॅक्यूम याला पुरणार नव्हतं.

मोठ्या कंपनीच्या मशीनची किंमत ऐकून मी गप्प बसलो. मग कुणीतरी मुंबईच्या मशिनरी बाजारातला एक दुकानदार सुचवला. तीन मोटर, ८० लिटरची स्टीलची टाकी, किंमत ३४,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. मोठ्या कंपनीच्या निम्म्याहून कमी. इथे मला खटकायला हवं होतं, पण स्वस्त मिळालं की माणूस स्वतःला हुशार समजायला लागतो.

दुकानात चहा आला. दुकानदाराने पाण्याने भरलेला टब पुढे ओढला, पाइपाचं तोंड आत बुडवलं, तीन बटणं दाबली. तीन लाल दिवे लागले, मोठा आवाज झाला आणि टब बघता बघता रिकामा. "साहेब, तीन मोटर म्हणजे ओढ तिप्पट. फाइव्ह स्टार हॉटेलवाले हेच नेतात." मी विचारलं, "स्ट्रिपरचा फेस होतो, डिफोमर, म्हणजे फेस मारायचं औषध, टाकावा लागेल का?" तो हसला. "काही नको साहेब. आत फ्लोट आहे ना, टाकी भरली की आपोआप बंद."

या दोन वाक्यांत दोन थापा होत्या, आणि टबाचा खेळ ही तिसरी. त्या जरा उलगडून सांगतो, कारण हीच वाक्यं तुम्हालाही ऐकायला मिळतील.

पाइपाचं तोंड पाण्यात बुडवलं की सगळीकडून पाणीच पाणी, कसलीही मोटर ते ओढते. फरशीवर कामाला येते ती स्क्वीजी, म्हणजे पाइपाच्या टोकाची रबर लावलेली पट्टी, दीड-दोन फूट रुंद. तिच्या पूर्ण लांबीतून हवा आत शिरते आणि त्या हवेच्या झोताबरोबर फरशीवरचा पातळ थर उचलला जातो. झोत कमी पडला की रबडी रबराखाली नुसती सरकते. टबात हे कधीच दिसत नाही. आणि मोटरी एकमेकींच्या शेजारी बसवल्या की हवेचं प्रमाण वाढतं, ओढ वाढत नाही. चांगल्या मोटरची ओढ साधारण २,००० ते २,५०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतकी असते. तशा तीन लावल्या तरी ती जवळपास तेवढीच राहते. तीन मोटरींचा फायदा खरा आहे, पण तो झोताचा, आणि त्यासाठी मोटरी खरोखर तीन असाव्या लागतात.

फ्लोट म्हणजे जाळीतला हलका चेंडू. पाणी वर आलं की तो तरंगतो आणि मोटरकडे जाणारं तोंड बंद करतो. फेसावर चेंडू तरंगत नाही. फेस त्याला वळसा घालून सरळ वर जातो. स्ट्रिपर स्वतः फार फेसाळत नसला तरी वर्षभर लादी पुसताना मुरलेला साबण फेस काढतोच.

शनिवारी रात्री अकराच्या सुमारास पहिला पट्टा घासून झाला. मी स्वतः स्क्वीजी धरली. तिन्ही बटणं चालू, आवाज जोरात, आणि मागे फरशीवर राखाडी ओघळ तसेच. दोनदा, तीनदा फिरवलं. आमच्या मावशी मॉप घेऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, हे उचलत नाही, नुसतं पसरवतंय." तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यावरचा स्ट्रिपर वाळायला लागला. त्यावर पुन्हा ओता, पुन्हा घासा. एक पोरगा घसरून कोपरावर पडला. स्ट्रिपरवर पाय म्हणजे शेवाळावर पाय.

पावणेदोनला मशीनच्या डोक्यातून पांढरा फेस बाहेर यायला लागला. जळक्या वार्निशचा वास आला आणि मजल्याचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, ट्रिप. पूर्ण अंधार. वॉचमन ओरडत आला, कारण नमुन्यांचा फ्रिज त्याच लाइनवर. मोबाइलच्या उजेडात, रबडीतून चालत, प्लग उपसला आणि स्विच वर केला. फ्रिज घुरघुरला तेव्हा कुठे श्वास घेतला. तो स्विच पडला नसता तर मशीनच्या स्टीलच्या टाकीत करंट तसाच राहिला असता, आणि टाकीला हात लावून मी ओल्यात उभा होतो.

पुढचं सगळं काम वायपर, प्लॅस्टिकची सुपली आणि बादल्यांनी झालं. चार मावशी आणि तीन पोरं, रविवारी रात्रीपर्यंत गुडघ्यांवर. सोमवारी सहाला जागा दिली. गुरुवारी फोन आला, रिसेप्शनसमोर पांढरे डाग पडलेत. धुवायला वेळ कमी पडला होता, दुसरं काय! तेवढा भाग पुन्हा फुकट करून दिला, वर बिलातून कापले ते वेगळेच.

मग माझा मेव्हणा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती लावून करंट मोजायचा मीटर, घेऊन आला, तो इलेक्ट्रिशियन आहे. मशीन दोन दिवस वाळवलं होतं, आता कसंबसं सुरू होत होतं. पाइप मोकळा ठेवून तिन्ही बटणं दाबली. ५.६ अँपिअर. त्याने पुन्हा बघितलं, ५.६ च. म्हणजे पुरते १,३०० वॉटही नाहीत. इथे एक गंमत सांगतो. पाइपाच्या तोंडावर तळहात दाबला की मोटर किंचाळते आणि आपल्याला वाटतं केवढा जोर लावतेय. मीटर उलट खाली येतो. हवा अडली की मोटरवरचा भार कमी होतो, म्हणून ती जास्त वेगाने फिरते. दुकानात हात लावून "बघा कशी खेचतेय" म्हणतात, तेव्हा किंचाळण्याला भुलू नका. अँपिअर मोजायचे ते पाइप मोकळा ठेवूनच.

डोकं उघडलं. आत तीन खाचा, मोटरी दोन. तिसऱ्या खाचेवर पत्र्याची गोल चकती सिलिकॉनने चिकटवलेली, आणि तिसऱ्या बटणाची वायर फक्त लाल दिव्याकडे गेलेली. मेव्हण्याने वाइंडिंग, म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी, नखाने खरवडलं. वरचा तांब्याचा रंग निघाला, खाली पांढरं ॲल्युमिनियम. त्याहून वाईट म्हणजे त्या मोटरी सुक्या कचऱ्याच्या होत्या. ओल्या कामाला बायपास मोटर लागते. तिला थंड ठेवणारा पंखा आणि हवा वेगळी असते, टाकीतली दमट हवा वाइंडिंगला शिवत नाही. साध्या मोटरीत टाकीतली हवाच वाइंडिंगमधून जाते. फेस आला की ती मोटर फेसानेच आंघोळ करते.

दुकानदाराला फोन केला. पहिल्या दिवशी साहेब होतो. दुसऱ्या दिवशी, "तुमच्या पोरांनी फेस आत ओढला, वॉरंटीत बसत नाही. एक्स्टेन्शन बारीक असेल." तिसऱ्या दिवशी, "४,२०० भरा, मोटर बदलून देतो." तिसऱ्या मोटरचं विचारलं तर फोन कट. फेसाबद्दलचं त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, हे मला कबूल करावं लागेल. डिफोमर टाकायला हवा होता हे अकरा वर्षांच्या सुपरवायझरला कळायला हवं होतं. मला हवं तेच तो बोलला, म्हणून मी ऐकलं.

बिल काढून वाचलं. "क्लीनिंग मशीन – १ नग." वॉट नाहीत, मोटरींची संख्या नाही, सिरियल नंबर नाही. अ‍ॅडव्हान्सचे पंधरा हजार यूपीआयने गेलेले, तेही कुणा पुतण्याच्या खात्यावर. जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचाच, दिसायला अगदी बरोबर. माझ्या सीएने पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. जीएसटीचे भरलेले ६,२१० माझ्या करातून वजा व्हायचे, ते क्रेडिट गेलं. हा नंबर पोर्टलवर लॉगिनशिवाय कुणालाही तपासता येतो. मी चहा पिता पिता तपासू शकलो असतो.

ग्राहक आयोगात जायचं म्हटलं. ओळखीच्या वकिलांनी समजावलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. एकटा माणूस पोटापाण्यासाठी स्वतः मशीन चालवत असेल तर त्याला सवलत आहे. चौदा माणसांचा मालक त्यात बसवणं अवघड. १९३० च्या माल विक्री कायद्यात माल वर्णनाबरहुकूम हवा असं आहे, पण मग वर्णन कुठेय? बिलावर तर क्लीनिंग मशीन. चौकीत गेलो. ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय एवढं मला कळलं, आणि हवालदार म्हणाले, "साहेब, हा दिवाणी मामला आहे." लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

स्टीलचंही सांगून टाकतो, कारण त्यातही बरेच जण गंडतात. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं होतं, "चिकटत नाही, म्हणजे ३०४." ३०४ म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील, पण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. आणि ८० लिटरच्या टाकीत फ्लोट बंद व्हायच्या आत पन्नास-पंचावन्न लिटरच मावत होतं. स्क्वीजीचं रबर दोन रात्रींत लाटेसारखं वाकडं झालं. स्ट्रिपरमधल्या सॉल्व्हंटने साधं रबर फुगतं, त्याला टिकणारं रबर वेगळं मागून घ्यावं लागतं.

दुसरं मशीन घ्यायला गेलो तेव्हा सोबत वीस लिटरचा कॅन होता, एका छोट्या क्लिनिकच्या कामातून भरून घेतलेली खरी रबडी. पहिल्या दुकानदाराने कॅनचं झाकण उघडू दिलं नाही. दुसरा म्हणाला, "आमची फरशी खराब होईल." तिसऱ्याने मागच्या शेडमध्ये नेलं, स्वतः रबडी ओतली, टाकीत दोन झाकणं डिफोमर टाकला आणि स्क्वीजी माझ्या हातात दिली. एका फेरीत फरशी दिसली. मग त्याने न सांगता डोकं उघडून मोटरी दाखवल्या, मेव्हण्याने मीटर लावला, आणि वॉट, बायपास मोटर दोन नग, दोन्हींचे सिरियल नंबर हे सगळं बिलावर लिहून घेतलं. प्लग जाड पिनांचा होता. किंमत पहिल्यापेक्षा एकवीस हजारांनी जास्त, आणि मी घासाघीस केली नाही.

तो कॅन अजून माझ्याकडे आहे. पुणे-पिंपरीत कुणी मशीन बघायला जात असेल तर खुशाल घेऊन जा. फक्त झाकण घट्ट लावा, आमच्या टेम्पोच्या सीटवर सांडला तिथला रंग गेला तो गेलाच.