ट्वीपी: सोलापूरचा ट्रेंड काढायला कितपत कामाची?

एखाद्या शहरात एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) कशाची चर्चा चालू आहे हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून काढायचं, तर ट्वीपी ही लायब्ररी (तयार कोडचा संच) हाताळायला सगळ्यांत सोपी. फुकट आहे, कोड खुला आहे आणि 'पिप इन्स्टॉल ट्वीपी' एवढ्या एका ओळीत बसते. पण सोलापुरातून वापरणाऱ्याने एक गोष्ट आधीच ओळखून असावी. एक्स मुंबई, पुणे, नागपूर, ठाण्याची वेगळी यादी देतं, सोलापूरची देत नाही. 'अव्हेलेबल ट्रेंड्स' ही कमांड चालवली की सगळी गावं क्रमांकासह समोर येतात. यादीत नसलेल्या गावाचा क्रमांक टाकला तर ४०४ ('सापडलं नाही') हा एरर येतो. तेव्हा कोडमधली चूक शोधण्यात संध्याकाळ घालवू नये.

'क्लोजेस्ट ट्रेंड्स'ला सोलापूरचे १७.६६ आणि ७५.९१ हे अक्षांश-रेखांश दिले, तर अंतराच्या हिशेबाने पुणं जवळचं ठरतं: सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर, तर हैदराबाद सुमारे २७५. नकाशापुरतं हे बरोबर आहे, शहरापुरतं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत ज्या सिनेमाची चर्चा असते, तो हैदराबादच्या यादीत आधी दिसण्याची शक्यता जास्त. म्हणून एकट्या पुण्यावर विसंबू नये. पुणे २२९५४१२, हैदराबाद २२९५४१४ आणि भारत २३४२४८४८ या क्रमांकांच्या तिन्ही याद्या 'गेट प्लेस ट्रेंड्स'ने घ्याव्यात. पुणे आणि हैदराबादमधून भारताच्या यादीतले शब्द वजा केले की जे उरतं, तेच तपासण्यासारखं. चादरीच्या दुकानाची जाहिरात असो की स्थानिक बातम्यांचं पान, या उरलेल्या शब्दांतून सोलापूरशी जुळणारे माणसानेच निवडायचे. ते काम ट्वीपी करत नाही.

जुनी उदाहरणं बघून कोड लिहिणारे हमखास एका जागी अडतात. २०२१ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत नावं बदलली. आधीचं 'ट्रेंड्स प्लेस' आता 'गेट प्लेस ट्रेंड्स' झालं आहे, त्यामुळे जुनं नाव वापरलं की ॲट्रिब्यूट एरर ('असं नाव नाही') येतो. उत्तर एका घटकाच्या लिस्टमध्ये गुंडाळून येतं, म्हणून आधी पहिला, म्हणजे पायथनच्या मोजणीत शून्यावा घटक आणि मग त्यातलं 'ट्रेंड्स' असं दोन पायऱ्यांनी आत जावं लागतं. बऱ्याच ट्रेंडसमोर पोस्टची संख्या रिकामी असते. तशीच क्रमवारी लावायला गेलं की प्रोग्राम कोसळतो. रिकामं म्हणजे शून्य नव्हे, ते वेगळ्या रकान्यात ठेवावं. वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते, त्यात साडेपाच तास मिळवायचे.

मराठीच्या बाबतीत खरी कसोटी पुढे लागते, आणि तिथे दोष ट्वीपीचा नाही. मजकुरातले शब्द शोधणाऱ्या पायथनच्या नेहमीच्या 'आरई' मॉड्यूलमधलं, अक्षरं ओळखणारं 'बॅकस्लॅश डब्ल्यू' हे चिन्ह काना-मात्रांना अक्षर मानत नाही. 'सोलापूर'चे स, ल, प, र असे चार तुकडे होतात आणि मोजणीत भलतेच शब्द वर येतात. 'रेगेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल बसवलं की हा प्रश्न मिटतो. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर देवनागरीचा कचरा दिसत असेल, तर 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंगने जतन करावी.

एक्सकडून माहिती मागण्याची किल्ली (एपीआय की) घेण्याआधी एक्सचा प्लॅन वाचणं मात्र टाळू नये. प्लॅनमध्ये ट्रेंड्सची परवानगी नसेल तर ४०३ ('मनाई') हा एरर येतो आणि आत ४५३ हा कोड दिसतो. लायब्ररी पुन्हा बसवून काही फरक पडत नाही. परवानगी असेल तर 'वेट ऑन रेट लिमिट' (मागण्यांची मर्यादा संपली की आपोआप थांबणं) चालू ठेवावं, आणि पाच मिनिटांच्या आत तीच यादी पुन्हा मागू नये. ती तेवढा वेळ साठवून ठेवलेलीच मिळते.

ट्रेंडऐवजी थेट सोलापूर परिसरातल्या पोस्ट हव्या असतील तर सर्चमध्ये एका बिंदूभोवतीचं वर्तुळ धरणारं 'पॉइंट रेडियस' आहे, पण तेही प्रत्येक प्लॅनमध्ये मिळेलच असं नाही. इथे रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहायचा. त्याच कामाच्या जुन्या 'जिओकोड'मध्ये नेमकं उलटं होतं, म्हणून जुना कोड उचलला की वर्तुळ भलतीकडेच जातं. अचूक ठिकाण जोडायची सोय ट्विटरने २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे अशा पोस्ट मुळात थोड्या सापडतात. 'उजनी', 'सिद्धेश्वर', 'गड्डा' (सिद्धेश्वराची यात्रा) यांसारखे शब्द, शिवाय रोमन लिपीतलं सोलापूर आणि शोलापूर ही दोन्ही स्पेलिंगं स्वतंत्र शोधली तर हाती जास्त लागतं. वर्तुळाची मर्यादा २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर. अक्कलकोट त्यात बसतं, पंढरपूर बसत नाही. आषाढीच्या आठवड्यात ७५.३३ आणि १७.६८ धरून पंढरपूरचं दुसरं वर्तुळ लावावं आणि दोन्हींची मोजणी वेगळी ठेवावी, नाहीतर वारीच्या पोस्टखाली शहरातलं बाकी सगळं दबून जाईल.