कृष्णविवराची नक्कल: ब्रुकहेवन की हैफा?

एमएस्सीच्या सेमिनारला कृष्णविवराची प्रयोगशाळेत नक्कल करणारा कुठला प्रयोग घेऊ, अमेरिकेतल्या ब्रुकहेवनचा की इस्राएलमधल्या हैफाचा, असं एका विद्यार्थिनीनं विचारलंय.

पसारा पाहिला तर ब्रुकहेवनचा आरएचआयसी हा कणत्वरक ३.८ किलोमीटर घेराचा, सोन्याची अणुकेंद्रकं आदळवण्यासाठी बांधलेला. हैफाच्या टेक्निऑन विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ जेफ स्टाइनहावर यांना अतिशीत रुबिडियमचे काही हजार अणू पुरले.

साम्याचं म्हणाल, तर २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होरात्यु नास्तासे यांनी आरएचआयसीतला अग्निगोल, म्हणजे टकरीतून उठणारा अतितप्त गोळा, कृष्णविवराशी जोडला; पण ते नातं स्ट्रिंग थिअरीच्या (कणांना सूक्ष्म तंतूंची कंपनं मानणाऱ्या सिद्धांताच्या) गणितातलं. हैफात अणूंचा प्रवाह एका जागेपासून ध्वनीपेक्षा वेगानं धावतो आणि पलीकडची ध्वनिलहर मागे येऊच शकत नाही. कृष्णविवराचं क्षितिज, म्हणजे जिथून परतणं नाही ती सीमा, काय असतं ते इथे लख्ख कळतं! हॉकिंग प्रारणाच्या, म्हणजे क्षितिजापाशी निर्माण होऊन बाहेर पडणाऱ्या, स्टीफन हॉकिंग यांनी भाकीत केलेल्या क्षीण प्रारणाच्या, तिथल्या २०१६ च्या नोंदीवर वाद झाले, तरी २०१९ मध्ये सुधारित मोजमापं आली. पुराव्यात मला हैफाच सरस वाटतं.

स्ट्रिंग थिअरीची ओढ असेल तर आरएचआयसी घ्या. हॉकिंग समजून घ्यायचे असतील तर हैफा.