९२११ सांगून जुनं १०६८ कार्ड विकलं, वरून म्हणे तुमची डिस्कच खराब हाये

जुन्या सर्व्हरला जास्तीच्या डिस्क लावायला कोणी सेकंडहँड कंट्रोलर कार्ड घेत असाल तर हे पूर्ण वाचा. आणि कार्ड आधीच लावलं असेल, डिस्क दिसत नसेल आणि कोणी "फॉरमॅट मारा" सांगत असेल, तर आधी हात थांबवा.

माझा दारव्हा तालुक्यात फोटो स्टुडिओ आहे. सगळा डेटा एका जुन्या डेल टी-११० टू सर्व्हरवर, त्यावर डेबियन (लिनक्स) टाकलेलं. दोन कॅमेरे आणि ड्रोन धरलं तर एका लग्नाचं फुटेज ३००-४०० जीबीच्या घरात जाते, आणि ते डिलीट करता येत नाही कारण दोन-तीन वर्षांनी कोणी येते आणि म्हणते भाऊ, बाबा गेले आमचे, पोरीच्या लग्नातले त्यांचे व्हिडिओ असतीन तं काढून द्या. असा डेटा आहे हा.

बोर्डावरचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) भरले म्हणून एलएसआय ९२११-८आय कार्ड शोधलं. जुनं असलं तरी भरवशाचं कार्ड, एसएएस२००८ चिप, ६ जीबीपीएस, लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. नागपूरचा एक जुने सर्व्हर पार्ट विकणारा फोनवर भेटला. त्याने फोटो पाठवला, टेस्टिंगचा व्हिडिओ पाठवला, ३२०० रुपये युपीआयवर घेतले आणि पुसदच्या ट्रॅव्हल्समध्ये पार्सल टाकून दिलं. बिल मागितलं तर "पाठवतो भाऊ", ते आजपर्यंत आलं नाही.

कार्ड लावलं, ४ टीबीची भरलेली डिस्क त्याच्यावर जोडली. सर्व्हर चालू झाला पण डिस्क माउंटच होईना, म्हणजे उघडेना. एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड मारली तर डिस्क दिसते पण तिच्यावर एकही पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) नाही. त्याला फोन केला तर लगेच उत्तर तयार, "डिस्क गेली तुमची, कार्ड एकदम ओरिजिनल हाये, फॉरमॅट मारून पाहा, नाही तं माह्याकडे पाठवा, रिकव्हरीवाला ओळखीचा हाये, अठरा हजारात सगळं काढून देते". लग्नसराईचे दिवस, समोर एका पार्टीचा अल्बम अडकलेला, अशा वेळी माणूस काय अवस्थेत असतो ते त्याला बरोब्बर माहीत असते.

मी डिस्कला हात लावला नाही, आधी साइज पाहिली. ४ टीबीची डिस्क २.२ टीबी दाखवून राहिली होती. इथंच सगळं उघडं पडलं. डिस्क मरते तेव्हा ती एरर देते, आवाज करते, अडकते, पण नेमकी २.२ टीबीवर येऊन थांबत नाही. तो आकडा जुन्या चिपचा आहे. एलएसआयची एसएएस१०६८ई चिप सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा) नंबर ३२ बिटमध्येच मोजते, म्हणजे जवळपास ४२९ कोटी सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, गुणाकार करा, २.२ टीबी येते. त्याच्या पुढचा डिस्कचा भाग त्या कार्डाला दिसतच नाही. आणि पार्टिशन टेबलात लिहिलेलं असते की डेटा ४ टीबीपर्यंत आहे, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्क त्याहून लहान दिसते म्हणून तो ते टेबलच मानत नाही, आणि आपल्याला वाटते डिस्क कोरी झाली.

मग एलएसपीसीआय -एनएन मारलं, ही कमांड लावलेल्या कार्डाचं खरं नाव आणि आयडी दाखवते. नाव आलं एसएएस१०६८ई आणि आयडी १०००:००५८. खऱ्या ९२११ला तिथं एसएएस२००८ आणि १०००:००७२ यायला पाहिजे. एलएसमॉडमध्ये (चालू ड्रायव्हरची यादी) एमपीटीएसएएस ड्रायव्हर लोड झालेला, जो जुन्या ३ जीबीपीएस कार्डांचा आहे, ९२११ला एमपीटी३एसएएस लागतो (कर्नल ४.४च्या आधी त्याचं नाव एमपीटी२एसएएस होतं). कार्ड बाहेर काढून उजेडात धरलं तर ९२११च्या स्टिकरची एक कड वर आलेली, नखानं ओढली, खाली दुसरं मळकं स्टिकर, त्याच्यावर ३०८१ई, म्हणजे त्याच जुन्या १०६८ई चिपचं कार्ड. आणि टेस्टिंगच्या व्हिडिओत जो सिरीयल नंबर दिसत होता तो या कार्डाचा नव्हताच.

डिस्क परत बोर्डाच्या पोर्टवर लावली. सगळी पार्टिशनं आली, सगळा डेटा जसाच्या तसा.

मला राग ३२०० रुपयांचा नाही. जुनं कार्ड नवं म्हणून विकणारे बाजारात असतातच. पण चांगली डिस्क खराब सांगून फॉरमॅट करायला लावणं आणि त्याच डिस्कच्या रिकव्हरीचे पैसे मागणं, हे मला भयंकर वाटलं. नेरच्या एका फोटोग्राफर मित्राला असंच कार्ड मिळालं होतं हे मला नंतर कळलं. विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे मित्राने नवं पार्टिशन बनवून फॉरमॅट मारला. त्याच्या डिस्कवरचे काही फोटो निघाले, व्हिडिओ बहुतेक गेले, आणि ज्यांचे होते त्यांना तो आता काय सांगणार?

विकणाऱ्याला स्क्रीनशॉट पाठवले तर म्हणे दोन्ही कार्ड सारखीच चालतात, तुमचं मदरबोर्ड जुनं हाये. पैसे परत मागितले तर ब्लॉक केलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पण नोंद केली. पैसे अजून आले नाहीत. एक माहिती कामाची आहे, ग्राहक आयोगात आता आपल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, नागपूरला जायची गरज नाही, आणि ५ लाखापर्यंत फी लागत नाही. धंद्यासाठी घेतलेली वस्तू असली तर सामनेवाला त्यावर बोट ठेवतो, पण स्वतःचं पोट भरायला स्वतः चालवलेला छोटा धंदा कायद्यात चालतो, तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

यानंतर कार्ड घेताना मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. आधी कार्डावरचा सिरीयल नंबर कॅमेऱ्यासमोर, मग तेच कार्ड माझ्यासमोर मशीनमध्ये, मशीन चालू होताना एमपीटी२बायोस असं लिहून आलं पाहिजे, जुन्या कार्डावर २ नसतो, नुसतं एमपीटीबायोस येते. मग एलएसपीसीआयचा आयडी, आणि -व्हीव्ही लावून लिंकचा स्पीड, ५ जीटी पाहिजे, २.५ आला तर कार्ड जुनं. कॉल चालू ठेवूनच पैसे. ज्याचा माल खरा होता तो एका शब्दानं कुरकुरला नाही. स्टिकर, फोटो आणि रेकॉर्ड केलेला व्हिडिओ, यातलं काही मी आता धरत नाही.

यवतमाळ, वाशिम, वर्धा भागात कोणाकडे असं कार्ड आलं असेल आणि डिस्क २.२ टीबी दाखवत असेल, तर एफडिस्क, जीडिस्क अशी पार्टिशन बदलणारी कमांड काहीच चालवू नका, "दुरुस्त करू का" विचारलं तर हो म्हणू नका, डिस्क काढून ठेवा आणि मला मेसेज करा. माझ्याकडे पोर्ट मोकळा ठेवला आहे, लावून पाहू, पैसे लागणार नाहीत.