सप्लायरला दिलेली कॅश: फॉर्म्युल्याने काढायची की कॅशबुकातून?

कॅश फ्लो स्टेटमेंट (वर्षभरात कॅश कुठून आली, कुठे गेली याचा तक्ता) डायरेक्ट मेथडने, म्हणजे प्रत्यक्ष आलेली-गेलेली कॅश दाखवून करताना सप्लायरला किती पैसे गेले हे काढायचे दोन रस्ते आहेत, परीक्षेत बहुतेक वेळा पहिलाच लागतो. समजा विकलेल्या मालाची कॉस्ट ८,००,०००, स्टॉक १,२०,००० वरून १,५०,००० झाला, म्हणजे खरेदी ८,३०,००० ची. आता क्रेडिटर्स (सप्लायरची द्यायची राहिलेली उधारी) ९०,००० वरून ७०,००० वर आले म्हणजे जुनी उधारी पण फेडली, म्हणून कॅश गेली ८,५०,०००. झालं, दोन मिनिटांचं काम. स्टॉक वाढला की मिळवा, क्रेडिटर्स वाढले की वजा करा, हे उलटं करून मार्क घालवणारे दरवर्षी असतातच!

पण खऱ्या दुकानाच्या हिशोबात हा रस्ता गंडतो, कारण खरेदी जीएसटी सोडून धरलेली असते आणि क्रेडिटर्सच्या आकड्यात जीएसटी असतो, शिवाय त्यात मशीनवाल्याची उधारी घुसली असेल तर ती स्टेटमेंटच्या इन्व्हेस्टिंग भागात (मशीनसारख्या मालमत्तेची खरेदी-विक्री) जायला हवी, आणि मिळालेला डिस्काउंट किंवा त्याच पार्टीकडून येण्यात वळती केलेली रक्कम क्रेडिटर्स कमी करते पण कॅश एक रुपया जात नाही.

दुसरा रस्ता म्हणजे कॅशबुक आणि बँकबुक उघडून सप्लायरच्या एंट्र्या बेरजेला घ्यायच्या. कंटाळवाणं आहे, पण ॲडव्हान्ससकट खरं काय गेलं ते दिसतं. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) नीट भरलं असेल तर मी हेच करेन, आणि फॉर्म्युला फक्त ताळा बघायला.