मानेचे जुने दुखणे: व्हीआर हेडसेट की नेहमीचा व्यायाम?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या मानदुखीला वैद्यकात जुनाट म्हणतात. मराठवाड्यात ती दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्यांना, ऊसतोडीत डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्यांना आणि छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयांत संगणकापुढे बसणाऱ्यांनाही गाठते. 'मणक्यात गॅप आहे' एवढे ऐकून महिनोन्‌महिने गळ्यात पट्टा बांधून बसणाऱ्यांची मान आणखी दुबळी होते. ती हलवावीच लागते, प्रश्न कशी हलवायची एवढाच आहे: नेहमीच्या व्यायामाने, की व्हीआर हेडसेटने, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जग दाखवणाऱ्या उपकरणाने. मात्र हातात मुंग्या येत असतील, पकड सैल पडली असेल, चालताना तोल जात असेल किंवा दुखणे पडण्यातून सुरू झाले असेल, तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

नेहमीच्या व्यायामातला सर्वांत मोलाचा प्रकार दिसायला अगदी क्षुल्लक आहे. उताणे झोपून, डोके न उचलता, कुणाला खुणेने 'हो' म्हणावे इतकीच हनुवटी आत घ्यायची, 10 सेकंद धरायची आणि असे 10 वेळा करायचे. गळ्याच्या पुढच्या बाजूचे, मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू यातून कामाला लागतात. सोबत खांदे व पाठीच्या वरच्या भागासाठी रबरी पट्टीचा व्यायाम असतो. यात खर्च जवळजवळ नाही. अडचण आहे ती कंटाळ्याची. वेदना थोडी उतरली की तिसऱ्या आठवड्यात व्यायाम सुटतो, हा माझा स्वतःचाही अनुभव आहे.

व्हीआरमध्ये समोर उडणारे लक्ष्य नजरेने व मानेने टिपायचे असते. खेळाच्या नादात, एरवी भीतीने अर्ध्यावर थांबणारी मान सहज पुढे वळते आणि हालचालीचा वेग व अचूकपणाही सुधारतो. ज्यांना मान वळवण्याचीच धास्ती बसली आहे, त्यांच्यासाठी हा गुण मोठा आहे. पण साधारण अर्धा किलोचा हेडसेट डोक्याच्या पुढच्या बाजूला लटकतो, काहींना त्यात मळमळते किंवा गरगरते, आणि मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत चेहऱ्याला टेकणारी गादी पाच मिनिटांत घामाने चिंब होते. शिवाय खोल स्नायूंची ताकद हा खेळ आपोआप वाढवत नाही.

आजवरच्या चाचण्यांत व्हीआरने वेदना कमी झाल्याचे दिसले आहे. तथापि त्या बहुतांशी लहान आणि काही आठवड्यांच्याच आहेत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत व्हीआरखेरीज वेगळ्या गटात डोक्यावर बांधलेल्या लेझरचा किरण ठरलेल्या खुणांवर फिरवण्याचा घरगुती व्यायामही तपासला गेला आणि त्या गटातही सुधारणा झाली. माझ्या मते घेणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच आहे, कारण चांगल्या हेडसेटला हजारो रुपये मोजावे लागतात, तर किरण फिरवण्यासाठी भिंतीवर काढलेल्या खडूच्या रेघेला काहीच लागत नाही.

म्हणून बीड किंवा हिंगोलीच्या खेड्यातून फिजिओथेरपिस्टकडे महिन्यातून एकदाच जाता येणाऱ्याने नेहमीचा व्यायाम नीट शिकून घ्यावा. तो करूनही मान वळवण्याची भीती जात नसेल, तर शहरातील एखाद्या केंद्रात हेडसेट विकत न घेता वापरून पाहावा: चाके नसलेल्या खुर्चीवर बसून, आरंभी पाचच मिनिटे. मान दोन्हीकडे किती वळते हे त्याआधी मोजून घ्यावे आणि चार आठवड्यांनी पुन्हा मोजावे.