खरेदीसाठी वेगळे खाते आणि कार्डाचे बटण: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंटरनेटवरील खरेदीसाठी मी आठ महिन्यांपूर्वी एक स्वतंत्र बचत खाते उघडले आणि बँकेच्या ॲपमधील, त्याच्या डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहारांचे बटण एरवी बंद ठेवण्याची सवय लावून घेतली. वर्ष पूर्ण झाल्यावरच याविषयी लिहावे असे ठरवले होते. परंतु गेल्या महिन्यात चादरींचे प्रकरण घडले आणि माझे मत इतक्यांदा बदलले, की आताच लिहून टाकणे बरे.

खाते शून्य शिल्लक चालणारे, बेसिक प्रकारचे आहे. कार्डाला वार्षिक शुल्क नाही, हे पाहूनच ते घेतले. पगार जमा होतो त्या बँकेत मात्र ते मिळाले नाही, कारण बेसिक खातेदाराला त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. म्हणून दुसऱ्या बँकेचा उंबरा चढावा लागला. खरेदीपुरती रक्कम तिकडे वळवायची, बटण चालू करायचे, पैसे भरायचे आणि बटण बंद करायचे, एवढाच हा उद्योग.

यातील त्रासाची गोष्ट एकच, आणि ती म्हणजे मर्यादेचा स्लायडर. रोज कमाल किती रकमेची ऑनलाइन खरेदी व्हावी हे ठरवण्याची सोय प्रत्येक बँकेने देणे रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केले आहे, आणि नियम उत्तमच आहे. परंतु माझ्या बँकेच्या ॲपमध्ये आकडा टाइप करायला जागाच नाही. पडद्यावर एक बारीक रेघ आहे आणि तिच्यावरील टिकली बोटाने सरकवायची. शून्यापासून ५०,००० रुपयांपर्यंतचा पल्ला दोन इंचांत बसवल्यामुळे टिकली १,४०० वर थांबते किंवा १,६०० वर. मला हव्या असलेल्या १,५०० वर ती आठ महिन्यांत एकदाही थांबलेली नाही. एप्रिलमधील सोलापुरी उकाड्यात, घामेजल्या अंगठ्याने एकदा ती थेट ४१,००० वर गेली. मी शाखेत दोन वेळा लेखी तक्रार दिली. पहिल्या वेळी ‘अपडेट आल्यावर होईल’ असे उत्तर मिळाले; दुसऱ्या वेळी तेथील तरुण अधिकाऱ्याने माझ्याच फोनवर टिकली सरकवून दाखवण्याचा प्रयत्न केला, १,६०० वर ती अडकल्यावर फोन परत दिला आणि ‘काका, शंभर रुपयांनी काय होतंय?’ असे विचारले. जून महिन्यात खाते बंद करण्याचा अर्जही मी लिहून ठेवला होता.

त्यानंतर चादरी आल्या. नाशिकच्या भाच्याने एक दुवा पाठवला, ‘मामा, तुमच्या गावची चादर बघा किती स्वस्त!’ चार सोलापुरी चादरी ६९९ रुपयांना. मी अक्कलकोट रोडवर सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. त्या भावात तेवढ्या वजनाचे सूतही मिळत नाही, हे मला कळायला हवे होते. कळलेही होते, तरी मोह झाला. पार्सल उघडताच पत्नीने चादर उलटवली. आपल्या जेकार्ड मागावरच्या चादरीवर नक्षी विणलेली असते, त्यामुळे ती मागच्या बाजूलाही रंगांची अदलाबदल होऊन दिसते. ही मागून कोरी पांढरी होती. छापील पॉलिस्टर.

संकेतस्थळावर विक्रेत्याचे नाव नव्हते, पत्ताही नव्हता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील तेथे असावा लागतो. हे आधी पाहायला हवे होते, ते मी पार्सल फोडल्यावर पाहिले. त्याहून मोठी चूक पुढे केली: कस्टमर केअरचा क्रमांक सर्च करून शोधला. पलीकडच्या माणसाने अत्यंत आर्जवी हिंदीत परताव्यासाठी एक ॲप घ्यायला लावले आणि कार्डाची पडताळणी करायला सांगितली. त्यासाठी मी बटणही चालू केले. ओटीपी मी तोंडाने कोणालाही सांगितला नाही, याचा मला अभिमान वाटत होता. परंतु त्या ॲपमुळे माझा पडदाच त्याला दिसत होता.

पहिला प्रयत्न ९,९९९ रुपयांचा झाला आणि मर्यादेपेक्षा रक्कम जास्त असल्याने तो नाकारला गेल्याचा एसएमएस आला. तो वाचून अर्थ लागेपर्यंत ९९९ रुपये गेले. मी नेट बंद केले, ते परताव्याचे ॲप काढून टाकले आणि बँकेच्या ॲपमध्ये बटण बंद केले. तिसरा प्रयत्न त्या बंद बटणावर आपटला. खात्यात १४१ रुपये शिल्लक राहिले होते. पगाराच्या खात्याचे ॲप या फोनमध्ये मुद्दामच ठेवलेले नाही. ज्या टिकलीला मी आठ महिने शिव्या घातल्या, तिनेच नऊ हजार वाचवले असे मी त्या रात्री घरी सांगितले; पत्नीने मात्र खात्यातच अकराशे चाळीस होते, मग वाचवले ते कशाने, असे विचारले. तिचे म्हणणे रास्त आहे, म्हणून श्रेय मी निम्मे खात्याला देतो.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेत कळवले. ते ९९९ रुपये परत मिळाले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या हलगर्जीपणाने झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंतचे, ग्राहकानेच सोसायचे असते, कळवल्यानंतरचे बँकेचे. चादरींच्या ६९९ रुपयांसाठी बँकेने वेगळा वादग्रस्त व्यवहाराचा अर्ज भरून घेतला आणि चादरीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागितली. ती रक्कम अडतिसाव्या दिवशी, बटण बंद असतानाही, जमा झाली.

हे लिहीत असतानाच ॲपचे नवे अपडेट आले. मोठ्या आशेने उघडले. रेघेचा रंग निळ्याचा हिरवा झाला आहे. खाते बंद करण्याचा अर्ज मी फाडून टाकला आहे. मर्यादा १,६०० वर ठेवतो आणि खात्यात १,५०० रुपयेच टाकतो.