मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना: सहा महिने केली, जे आहे ते सांगतो

मी आयटीआय टर्नर (लेथ मशीनवर काम करणारा), वय 31. आधीची नोकरी गेली आणि सात महिने घरी होतो, किराणा दुकानासमोरून जायचं पण नको वाटायचं कारण उधारी. मग महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर या योजनेसाठी नोंदणी केली आणि नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपला शिकायला लागलो.

महाराष्ट्र सरकारची ही योजना 2024 ला आली, कंपनीत काम शिकायचं आणि त्याचे दरमहा पैसे (विद्यावेतन) सरकारकडून. विद्यावेतन महिन्याला बारावी पासला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, डिग्रीवाल्याला 10000, वय 18 ते 35. मुदत सुरुवातीला सहाच महिने होती, नंतर पाच महिने वाढवून दिले, पण मला त्याआधीच सातपूरला काम मिळालं म्हणून मी सहावरच थांबलो.

शिकायला मिळालं हे अगदी मनापासून सांगतो. आयटीआयला आम्ही जुन्या लेथवर हात काळे केले, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) फक्त लांबून बघितलेलं. इथे एका काकांनी मला इन्सर्ट (टूलचं कापायचं टोक) बदलायला, ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) टाकायला आणि पहिला जॉब (मशीनवर बनवलेला तुकडा) काढला की आधी मायक्रोमीटर लावून माप बघायला शिकवलं, तो लावल्याशिवाय दुसरा जॉब मशीनच्या चकमध्ये (पकडीत) धरूच द्यायचे नाहीत. सातपूरच्या इंटरव्ह्यूला नेमकं तेच करून दाखवायला सांगितलं!

आता पैशाचं. 8000 मध्ये घर चालत नाही, बायकोचं शिवणकाम होतं म्हणून निभावलं. पण निमाणीवरून रोजचं बसभाडं, डबा, पोरीची वह्या-पुस्तकं यासाठी कोणापुढे हात पसरला नाही, आणि हे नसतं तर मी दुसऱ्याच महिन्यात शिकणं सोडून मिळेल त्या हमालीला गेलो असतो.

त्रास झाला तो पैसे यायला. पहिला हप्ता आलाच नाही, मी आपला पासबुकवर एन्ट्री मारून घेतोय आणि पैसे पडलेत कॉलेजच्या वेळी स्कॉलरशिपसाठी काढलेल्या जुन्या खात्यात! खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यायला) सीडिंग, म्हणजे आधारवर पैसे घ्यायला तेच खातं ठरवलेलं असणं, वेगळं, पैसे सीडिंग असलेल्या खात्यातच येतात. आधारच्या वेबसाईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, दोन मिनिटाचं काम आहे, जॉइन व्हायच्या आधीच करा. दुसरं म्हणजे आमच्या वर्कशॉपने एकदा हजेरी वेळेत ऑनलाइन भरली नाही, दोन महिन्यांचे पैसे एकदम आले, मधे घरभाडं थकलं आणि घरमालकाचं बोलणं ऐकावं लागलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. पैसे वेळेवर आले असते तर साडेचार दिले असते. महिना संपला की हजेरी भरली का हे ऑफिसमध्ये स्वतः जाऊन विचारा, लाजू नका, आणि हजेरीपटाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.